जास्त डोकेदुखी कोणती: गुहेतली बुरशी की आयसीयूतली?

अमेरिकेत वटवाघळांचं नाक पांढरं करणारी बुरशी 2006 साली न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत दिसली. रुग्णालयांत पसरणाऱ्या कॅन्डिडा ऑरिस या बुरशीची पहिली नोंद 2009 ची, जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातली.

दोघींचा स्वभाव मात्र उलटा. पहिलीला गारवा लागतो. 20 अंशांपुढे तिची वाढ खुंटते. म्हणून ती शीतनिद्रेत अंग थंड पडलेल्या वटवाघळांनाच गाठते. ती झोपमोड करते, साठवलेली चरबी हिवाळ्यातच संपते आणि जीव उपाशी मरतो. अशी लाखो वटवाघळं गेली. युरोपातली मात्र याच बुरशीसोबत बऱ्यापैकी तगून आहेत!

ऑरिस 42 अंशांतही वाढते, त्यामुळे ताप तिला रोखत नाही. फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला ती बहुधा दाद देत नाही. खाटेच्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे टिकते, नेहमीची काही जंतुनाशकंही पचवते. क्लोरीनयुक्त द्रावणाने मात्र ती मरते. अंदमानच्या किनाऱ्यावरही ती सापडली आहे.

संहार मोजला तर पहिली भारी. पण माझ्या मते डोकेदुखी दुसरीच: गुहेत माणसांना जायला बंदी घालता येते, आयसीयूला टाळं कसं लावणार?