फाल्गुनात कॅमेरा घेऊन कुठे: भाऊंचे उद्यान की मेहरूण तलाव?

जळगावात फाल्गुनातलं ऊन नऊलाच डोक्यावर येतं, म्हणून सकाळी एकच जागा गाठावी. भाऊंच्या उद्यानात सावली मिळते, फुलं हाताशी असतात. साधा मोबाइलही पुरतो. पण फिरायला येणारी मंडळी सारखी फ्रेममध्ये शिरतात.

मेहरूणला मजा वेगळी. परतीच्या वाटेवरचे स्थलांतरित पक्षी अजून पाण्यावर असतात, तिरप्या उन्हात पाणी सोनेरी दिसतं. मात्र इथे लांबचं जवळ आणणारी, निदान ३०० मिमीची लेन्स हवी, उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर पक्षी काळेच येतील. (मेहरूणच्या बोरांचा हंगाम तोवर सरलेला, हे एक दुःख.)

लेन्स असेल तर मी मेहरूणच म्हणेन. पोरं सोबत असतील तर मुकाट्यानं उद्यान.