चुकत शिकवायचं की न चुकता?
म्हापशात सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की कुत्र्याने दाराशी यावं, मासळीवाल्याच्या हॉर्नला मात्र जागचं हलू नये, असं शिकवायचंय. दोन्ही आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा.

पहिली पद्धत सरळ: दोन्ही पूर्ण आवाजात ऐकवा. भोंप्याला आला तर बिस्किटाचा तुकडा, हॉर्नला आला तर काही नाही. यात कुत्रा वैतागतो, भुंकतो.

दुसरीत हॉर्न आधी जेमतेम ऐकू येईल इतका, तोही सेकंदभरच. मग आवाज आणि वेळ थोडाथोडा वाढवायचा. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी १९६३ मध्ये कबुतरांना लाल-हिरव्या दिव्यांतला फरक असाच, जवळजवळ एकही चूक न होता शिकवला. घाई केली की चुका सुरू; मग एक पायरी मागे यायचं. घरी हीच बरी. पुढे नियम उलटवायचा (हॉर्नला यायचं, भोंप्याला नाही) असेल तर मात्र पहिली, कारण न चुकता शिकलेली कबुतरं तिथे अडतात.