लिस्बनची 'फ्री' वॉकिंग टूर: घ्यावी की नको?

लिस्बनला एकटीच गेले होते आणि हातात एकच अख्खा दिवस होता, म्हणून सकाळची टिपवाली वॉकिंग टूर बुक केली. फ्री म्हणतात पण फ्री काही नसतं, शेवटी माणशी दहा-पंधरा युरो द्यायचे असतात आणि द्यावेतच, गाईडची कमाई तीच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शियादू भागातल्या कामोईंश चौकात पुतळ्याखाली वेगवेगळ्या रंगांच्या छत्र्या घेऊन बरेच जण उभे असतात आणि रूट साधारण सगळ्यांचा सारखाच.

आधी चांगलं सांगते. १७५५ चा भूकंप आमच्या गाईडने असा सांगितला की पैसे तिथेच वसूल. १ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा सण, लोक सकाळी चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि जमीन हलली, मग नदीतून त्सुनामी आली आणि वर आगी लागल्या त्या कित्येक दिवस विझेनात. हे सगळं कार्मूच्या चर्चबाहेर उभं राहून ऐकायचं, ज्याचं छप्पर तेव्हा कोसळलं ते परत घातलंच नाही, नुसत्या कमानी आणि वर आकाश. नंतर राजाचा मंत्री पोंबाल याने खालचा बाइशा भाग सरळ रस्ते आखून नव्याने बांधला, भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घातले, आणि ते टिकतात का हे बघायला सैनिकांना भोवती पाय आपटत चालायला लावलं असं सांगतात. गाईडने आपटून दाखवलं, समोरच्या कॅफेतले लोक बघत बसले.

आता नावडलेलं. पंचवीसेक जणांचा घोळका, आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळात टुकटुक आली की मागच्यांना शष्प ऐकू येत नाही. मध्येच जिंजिन्या (आंबट चेरीची दारू) प्यायला एका दुकानात थांबवतात, शेवटी पेड टूरची जाहिरात. हे एकवेळ चालेल, पण गोव्याचं नाव अख्ख्या टूरमध्ये एकदा आलं, तेही मसाल्यांच्या यादीत! ज्याच्या पुतळ्याखाली जमलो तो कवी कामोईंश स्वतः गोव्यात राहून गेलेला. कार्मूच्याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशहा कायतानूचं सरकार पडलं, बंदुकीत कार्नेशनची फुलं वगैरे छान रंगवून सांगितलं, पण त्यानंतरच, म्हणजे १९७४ च्या डिसेंबरात, पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे करारावर सही करून मान्य केलं, १९६१ नंतर तब्बल तेरा वर्षांनी, ते नाही. माझं आजोळ म्हापशाचं, त्यामुळे मी विचारलंच, तर पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला की हे मला माहीत नव्हतं. टिप पूर्ण दिली.

म्हणून माझं म्हणणं, सकाळी टूर घ्या पण दुपार एकटीने फिरायला ठेवा. टूरनंतर मी मार्तिम मोनिझ चौकाकडे गेले, तिथे आपल्याकडची, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आहेत, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या बघून बरं वाटलं. मग कॉमेर्सियू चौकातून नदीकाठाने बेलें भागापर्यंत चालत, सहा-सात किलोमीटर असेल पण सगळं सपाट, सकाळच्या चढांनंतर पायांना सुट्टीच. जेरोनिमूश मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर आणि दुसरीकडे कामोईंशची. वास्को मेला कोचीनमध्ये, १५२४ ला, आधी तिथेच पुरलेला, नंतर इकडे आणला. दगडात कोरलेली जहाजं बघत मी बराच वेळ उभी होते, राग यायला हवा होता की काय कोण जाणे, पण खरं सांगायचं तर भूक लागली होती.

जवळच १८३७ पासूनचं पाश्तेल द बेलेंचं (कस्टर्ड टार्टचं) दुकान. बाहेर रांग दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक पार्सलवाल्यांची, आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत तिथे बसायचं. गरम टार्ट, वर दालचिनी भुरभुरायची. अंडं असतं बरं का, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

शूज ग्रिपवालेच घाला, फुटपाथच्या पांढऱ्या चुनखडी दगडांना चालून चालून पॉलिश झालंय, थोडा पाऊस पडला तरी घसरगुंडी. टिपेसाठी सुटे युरो जवळ ठेवा. परत येताना चालू नका, बेलेंहून शहरातल्या काइश दू सुद्रे स्टेशनला ट्रेन आहे.