जुनी ऑपरेटिंग सिस्टीम ब्राउझरमध्ये चालवायचीय? व्ही८६, इन्फिनिट मॅक की पीसीजेएस

जुनं विंडोज नाहीतर जुना मॅक बघायला आता व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवा, कुठूनतरी आयएसओ म्हणजे इन्स्टॉल सीडीची फाइल शोधा ही कटकट राहिली नाही, ब्राउझरची एक टॅब पुरते. फक्त तुम्हाला नक्की काय हवंय ते आधी ठरवा, कारण प्रत्येक साइटचं काम वेगळं आहे.

विंडोज ९८ वरचं पेंट आणि माइनस्वीपर परत बघायचं असेल तर सरळ व्ही८६. बूट व्हायची वाटच बघायची नाही, आधी सेव्ह केलेली स्टेट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जशीच्या तशी स्थिती, लोड होते आणि डेस्कटॉप समोर येतो. तुमच्याकडची फ्लॉपी किंवा सीडीची इमेजपण (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली नक्कल) लावता येते. पण पेज रिफ्रेश झालं की आत केलेलं सगळं गेलं, म्हणून उठायच्या आधी सेव्ह स्टेट करून ती फाइल जपून ठेवा.

माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी इन्फिनिट मॅक. मिहाई पारपारिता या डेव्हलपरने १९८४ च्या पहिल्या सिस्टीमपासून मॅक ओएस ९ पर्यंतच्या आवृत्त्या एकाच जागी आणल्यात, पुढे नेक्स्टस्टेप ही स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीमपण आली. डिस्क लागेल तेवढीच तुकड्यातुकड्याने डाउनलोड होते म्हणून लगेच सुरू होतं, सॉफ्टवेअरने भरलेली इन्फिनिट एचडी नावाची डिस्क आयती मिळते, आणि सेव्ह्ड एचडी नावाच्या डिस्कवर ठेवलेलं ब्राउझरमध्ये टिकतं. मॅकची सिस्टीम ७ ही आवृत्ती उघडून बघाच, मेनूवर क्लिक करून बोट उचललं की मेनू बंद, बटण दाबून धरूनच खाली जायचं, आणि फ्लॉपी बाहेर काढायला तिचा आयकॉन कचऱ्याच्या डब्यात टाकायचा! हे नुसत्या स्क्रीनशॉटमधून कधीच कळत नाही, आणि मला तरी याच्यासाठीच हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

पीसीजेएस जरा अभ्यासू लोकांसाठी आहे. १९८१ चा आयबीएम पीसी, ४.७७ मेगाहर्ट्झचा, त्याच संथपणाने चालतो, डॉस (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू होताना तारीख विचारतो, फ्लॉपी यादीतून निवडून ड्राइव्हमध्ये घालायची. प्रोग्राम एकेक पायरीने थांबवून बघता येणारा डीबगरसुद्धा आहे, त्यामुळे प्रोसेसर आत काय करतो हे शिकायचं असेल तर दुसरीकडे जाऊच नका.

एखादाच जुना प्रोग्राम किंवा गेम चालवायचा असेल तर इंटरनेट आर्काइव्ह पुरे, २०१६ पासून तिथे विंडोज ३.१ ची हजारावर सॉफ्टवेअर आहेत.

मोबाइलवर मात्र यातलं काहीच ट्राय करू नका, खरा कीबोर्ड आणि माउस हवाच.