मोनो लेक: जूनच्या पक्षी-उत्सवाला जावं, की नंतर आपलं आपण?

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या ओळखीच्यांकडून हा प्रश्न दरवर्षी एप्रिलच्या आसपास येतो, कारण उत्सवाची नोंदणी तेव्हाच सुरू होते. मी दोन्ही करून पाहिलंय. विचारणारं कोण आहे, यावर माझं उत्तर बदलतं.

आधी जागा कशी आहे ते सांगते. योसेमिटी ओलांडून सिएरा नेवाडाच्या पूर्वेला उतरलं, की सुमारे ६,३८० फूट उंचीवर मोनो लेक लागतं. पाणी समुद्राच्या दुपटीहून खारट आणि वर अल्कधर्मी. बोटं बुडवली तर साबण लागल्यासारखी बुळबुळीत होतात. लोणारला जाऊन आलेल्याला हे ओळखीचं वाटेल. मासा एकही नाही. आहेत त्या अगणित बारीक कोळंब्या आणि काठावर काळा पट्टा ओढल्यासारख्या बसलेल्या माश्या. (त्या अंगावर येत नाहीत, घाबरू नका.) पक्षी येतात ते या दोन गोष्टींसाठी.

उत्सवाचं नाव 'मोनो बेसिन बर्ड शटॉक्वा'. शटॉक्वा हे न्यूयॉर्क राज्यातलं एक तळं. त्याच्या काठी १८७४ मध्ये प्रौढांसाठी उन्हाळी ज्ञानसत्रं सुरू झाली आणि पुढे तसल्या मेळाव्यांनाच ते नाव पडलं. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली, म्हणजे जेमतेम एका वर्षाचं अंतर. मोनोच्या उत्सवाचा बाजही तोच आहे: ली व्हायनिंग या इवल्याशा गावात शुक्रवार ते रविवार, पहाटे लहान गटांच्या फेऱ्या, दुपारी व्याख्यानं, शेवटी सगळ्यांची सहल. पक्षिमित्र संमेलनाला गेला असाल तर तिथे लगेच रुळाल. ज्यांना 'फेस्टिवल' म्हटल्यावर खाण्याचे स्टॉल आणि स्टेज आठवतं, त्यांची मात्र निराशा होईल.

आता मुख्य मुद्दा, पक्षी कधी दिसतात. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मोनोचे प्रसिद्ध फोटो, पाण्यावर ढग उतरल्यासारखे थवे, हे जूनचे नव्हेत. विल्सन्स फॅलरोप हे छोटे पाणपक्षी हजारोंनी दिसतात ते जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. पाण्यात भिंगरीसारखे गोल फिरून ते तळचं खाणं वर आणतात, वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि थेट दक्षिण अमेरिका गाठतात. काळ्या मानेच्या टिबुकल्या त्याहून उशिरा जमतात. ऑक्टोबरमध्ये चांगल्या वर्षी त्या दहा लाखांच्या पुढे जातात. खाऊन खाऊन इतक्या जड होतात की काही काळ त्यांना उडताच येत नाही. हे पाहायचं असेल तर उत्सवाचा विचार सोडा आणि तेव्हाच जा. भिगवणचे रोहित पाहून ज्यांचं मन भरलंय, त्यांना जूनचं मोनो रिकामं वाटण्याचा धोका आहे.

जूनमध्ये तळ्यावर कॅलिफोर्निया गल (कुरव) असतात, पण त्यांची वीण दूर बेटांवर चालते. तुफाच्या, म्हणजे चुनखडीच्या, सुळक्यांवर ऑस्प्रेची घरटी दिसतात. तळ्यात मासा नाही आणि हा तर मासेखाऊ पक्षी. त्यामुळे बिऱ्हाड इथे आणि डबा शेजारच्या तळ्यांवरून.

पण जूनचं खरं काम काठापासून दूर, ओढ्यांच्या झाडीत आणि सेजब्रशच्या झुडपांमध्ये असतं. सगळं गात असतं, घरटी करत असतं. पहिल्या उत्सवात आमच्या गटाच्या वाटाड्याने आम्हाला एका विलोच्या झुडपासमोर पंधरा मिनिटं नुसतं उभं केलं. मी मनातून वैतागले होते. मग पिवळाधमक यलो वॉर्बलर चोचीत किडा घेऊन आला आणि स्वतःपेक्षा मोठ्या, तपकिरी, कर्कश पिल्लाला भरवू लागला. काउबर्डचं पिल्लू! आपली कोकिळा कावळ्याला जे करते तेच. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपने मला दोन्ही नावं सांगितली असती, पण त्या झुडपापाशी मी थांबलेच नसते. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या स्वतंत्र फेऱ्या त्या पंधरा मिनिटांच्या जिवावर चालल्यात.

पाण्याची गोष्टही उत्सवातच नीट कळते. लॉस एंजेलिसने १९४१ पासून इथले ओढे शहराच्या पाण्यासाठी वळवले, तळं सुमारे ४५ फूट खाली गेलं, बेटाला जमीन जोडली जाऊन कोल्ह्यांसारखे कायोटी गलच्या घरट्यांपर्यंत पोचले. १९७६ च्या विद्यार्थ्यांच्या पाहणीतून १९७८ मध्ये तळं वाचवण्यासाठी मोनो लेक कमिटी उभी राहिली. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तळ्याच्या बाजूने आला आणि १९९४ मध्ये ६,३९२ फुटांची पातळी गाठायचं ठरलं. ती अजून गाठलेली नाही.

रस्त्याचं काय? योसेमिटीतून येणारा टायोगा पास (घाट) उघडा असेल तर साधारण साडेपाच-सहा तास. पण त्याच्या भरवशावर जूनचं बुकिंग करू नका. २०२३ मध्ये तो २२ जुलैला उघडला! बर्फ जास्त पडलेल्या वर्षी सोनोरा पास किंवा आणखी वरून वळसा धरून चाला. ऑगस्टमध्ये ही काळजी नाही. ऑक्टोबरात एखादा अवकाळी बर्फ तात्पुरता रस्ता अडवतो, तेवढं पाहून निघा.

खर्च उत्सवाचा अर्थातच जास्त, नोंदणीचे पैसे आणि वर मुक्काम. ली व्हायनिंगची मोजकी मोटेल त्या वीकेंडला लवकर भरतात. मग 'जून लेक' किंवा 'मॅमथ लेक्स' या जवळच्या गावांत मुक्काम, आणि तिथून पहाटे गाडी. लोकप्रिय फेऱ्या नोंदणी उघडताच संपतात. उरलेल्यात मन लागेल का, हे आधी स्वतःला विचारा. आपलं आपण गेलात तर तळ्याकाठच्या काउंटी पार्कची लाकडी पायवाट आणि साउथ तुफाची मैलभराची वाट दिवसाला पुरते.

भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यायचं असेल तर उत्सव नको, असं मी स्पष्ट सांगते. पहाटे पाच-सहाला थंडीत निघणं, सहा-सात हजार फुटांवरची विरळ हवा, गटाच्या चालीने चालणं, इंग्रजी व्याख्यानं. ऑगस्टमध्ये काउंटी पार्कच्या फळ्यांवर थर्मास घेऊन बसवा, फॅलरोप त्यांच्यासमोर आपोआप येतील. लहान मुलांचंही तसंच. मात्र दहा-बारा वर्षांचं, पक्ष्यांचं वेड लागलेलं पोर असेल तर त्याला उत्सवाला जरूर न्या.

माझं यंदाचं ठरलंय. बाबा जुलैत येतायत, त्यांना घेऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाणार. एप्रिलमधली नोंदणी मात्र माझ्या एकटीच्या नावाने झालीये.