ब्लूज गिटार: स्टुडिओतली की मैफिलीतली?

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत; त्यातला गायक-गिटारवादक बी. बी. किंग याचं स्टुडिओतलं वादन स्वच्छ, रेखीव. रात्री ओलिताला जाताना कानात लावायला तेच बरं.

पण २१ नोव्हेंबर १९६४ला शिकागोच्या रीगल थिएटरात झालेला त्याचा कार्यक्रम ऐकाच. तो ओळ गातो, थांबतो, मग गिटारीला बोलू देतो. दाबलेली तार थरथरवत एकच सूर असा काही लांबवतो, की लोक ओरडूनच उठतात आणि त्या दादेनं पुढचा सूर आणखी पेटतो. आमच्या मोझरीकडे खंजेरी भजनात बुवा ओळ टाकतात, मंडळी ती उचलते, तसंच हे. स्टुडिओत ही मंडळीच नाही! म्हणून साठ वर्षांनंतरही आम्ही पारावर स्पीकर लावून रीगलच ऐकतो. गर्दीचा गलका कधीकधी सुरावर चढतो. मला तोही हवा असतो.