लाल आकडा आणि तबल्याची थाप: व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात मिरजेतील एका गायन बैठकीचे चित्रीकरण संपादित करून दिले. साथीला बसलेल्या तबलजी काकांनी ते दोनदा पाहिले आणि फोन करून एवढेच सांगितले, "अहो, माझा हात आधी पडतोय आणि बोल मागनं येतोय." ज्यांचे आयुष्य समेवर येण्यात गेले, त्यांचा कान अशा बाबतीत सहसा चुकत नाही, म्हणून मी संपूर्ण प्रोजेक्ट पुन्हा उघडला. टाइमलाइनवर, म्हणजे चित्र आणि आवाजाचे तुकडे मांडायच्या पट्टीवर, अंतर पडल्याचा इशारा देणारा लाल आकडा कोठेही नव्हता. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते चित्र आणि आवाज अगदी जुळलेले होते. ज्या इशाऱ्यावर विसंबून मी आठ महिने काम केले, तो नेमके काय मोजतो हे मला त्या रात्री कळले.

सॉफ्टवेअरच्या इतर अंगांविषयी माझी तक्रार नाही. दरमहा वर्गणी न मागता एकदाच पैसे घेणारे म्हणून ते मी निवडले. माझ्या जुन्या संगणकावर ते फारसे अडखळत नाही आणि रंगांचे कामही चांगले होते. प्रश्न आहे तो फक्त चित्र आणि आवाज यांच्यात अंतर पडल्याचे सांगणाऱ्या त्या लाल आकड्याचा.

आमच्या भागातील बैठकीत पुढची जागा रसिकांची असते, त्यामुळे ट्रायपॉड सभागृहाच्या अगदी शेवटी लावावा लागतो. त्या दिवशी कॅमेरा व्यासपीठापासून सुमारे 90 फुटांवर होता आणि झूम करून मी तबल्यावरच्या बोटांचे जवळचे दृश्य घेत होतो. प्रकाश तत्काळ पोहोचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे 343 मीटर या वेगाने येतो, म्हणजे 90 फूट कापायला त्याला जवळपास 80 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला 25 फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) चित्रीकरणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. म्हणजेच कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकमध्ये शिरलेला आवाज मुळातच दोन फ्रेम उशिरा आलेला होता. मिक्सरमधून रेकॉर्डरवर घेतलेल्या आवाजात हा उशीर नव्हता, परंतु आपोआप सिंक करताना, म्हणजे जुळवणी करताना, सॉफ्टवेअर दोन्ही वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) एकमेकांवर बसवते, म्हणून त्याने रेकॉर्डरचा चांगला आवाजही ओढून कॅमेऱ्याच्या उशिरा आलेल्या आवाजाला जोडला. दोन्ही आवाज एकमेकांशी जुळले, मात्र हाताशी एकही जुळला नाही.

दोन्ही आवाज मी दोन फ्रेम मागे, म्हणजे लवकर, सरकवले. डग्ग्यावर तळहात टेकला त्याच फ्रेमवर घुमारा आला. त्याच क्षणी क्लिपवर लाल चौकटीत 2 हा आकडा उमटला.

हे पूर्वीही घडले होते, याचे मला अधिक वाईट वाटते. दुसऱ्याच महिन्यात एका कार्यक्रमात नुसत्या नजरेने मी आवाज असाच सरकवला होता, पण लाल आकडा पाहून घाबरलो आणि बरोबर झालेले काम पूर्ववत चुकीचे करून ठेवले. तरीही हात आणि थाप जुळेना, तेव्हा रेकॉर्डरवर संशय घेतला. एसटीने कोल्हापूरला जाऊन तो तपासून घेतला, त्यात 600 रुपये आणि एक दिवस गेला, आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्यात काहीही दोष नसल्याचे सांगितले. कंपनीच्या ग्राहकसेवेला तीन ईमेल पाठवले. पहिल्या उत्तरात सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला सांगितले, दुसऱ्यात ड्रायव्हर अद्ययावत करायला, आणि तिसऱ्यात नवी आवृत्ती विकत घेण्याची सूचना केली. कॅमेरा किती लांब होता, हे एकदाही कोणी विचारले नाही.

या संतापात मी इशारा सेटिंगमधून बंदच केला. तो निर्णय आता मागे घेतला आहे, कारण पुढच्याच कीर्तनाच्या कामात मधला भाग काढताना एका ट्रॅकवरचा आवाज 11 फ्रेम सरकला आणि एक्सपोर्ट (अंतिम फाइल) पूर्ण होईपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. आकडा दिसत असता तर ते तेव्हाच समजले असते. तेव्हा इशारा निरुपयोगी नाही. एकमेकांना जोडलेले दोन तुकडे मूळ जागेपासून किती फ्रेम हलले, एवढे तो अचूक सांगतो. ओठ आणि शब्द, हात आणि थाप यांच्याविषयी त्याला काहीच ठाऊक नसते. चूक आहे ती "सिंक बिघडला" या त्याच्या मजकुरात.

खऱ्या बिघाडाच्या वेळी तो गप्प असतो, हे आणखी गंभीर आहे. मोबाइलवर घेतलेल्या दुसऱ्या कोनाच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग स्थिर नसतो. सुरुवातीला जुळलेला आवाज कार्यक्रमाच्या शेवटी ओठांपासून स्पष्ट दूर गेला होता आणि लाल आकडा मात्र कोठेच नव्हता. अशी फाइल आता मी प्रथम मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासतो आणि फ्रेमचा वेग बदलता असल्यास हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये स्थिर करून मगच टाइमलाइनवर घेतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवून ठेवतो. दोन्ही टाळ्यांपाशी अंतर सारखेच असेल तर आवाज सरकवून भागते, शेवटी ते वाढलेले असेल तर वेगातच फरक आहे. टाळीचा आणखी एक उपयोग आहे: आलापीत तंबोऱ्याच्या अखंड नादामुळे वेव्हफॉर्म जवळजवळ सपाट दिसतो आणि आपोआप सिंक भलतीकडेच बसतो, तेथे टाळीची उभी रेघ आधाराला येते.

आवाज सरकवताना हात आखडता ठेवावा, असेही सुचवेन. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला जाणवू लागते, उशिरा आलेला मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. माझा 80 मिलिसेकंदांचा उशीर म्हणूनच सामान्य प्रेक्षकांच्या नजरेतून सुटला आणि काकांच्या नजरेतून सुटला नाही. शंका असेल तेथे मी आता आवाज एक फ्रेम उशिराच राहू देतो.

सध्या जुळणी हाताने पूर्ण झाली की चित्र आणि आवाज एकत्र करून त्यांची एकच क्लिप बनवतो. त्यामुळे लाल आकडा जातो आणि तुकडे पुन्हा विलग होण्याची भीती राहत नाही. कंपनीला चौथा ईमेल पाठवून एवढीच मागणी केली आहे की "सिंक बिघडला" याऐवजी "मूळ जागेपासून 2 फ्रेम सरकले" असे लिहावे. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते येईपर्यंत नव्या आवृत्तीसाठी मी एक रुपयाही भरणार नाही.